२३ हजारांतली एक खुर्ची

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजमधलं आर्थर ॲश स्टेडियम म्हणजे टेनिसचं जगातलं सर्वांत मोठं स्टेडियम. १९९७ साली खुलं झालं, खुर्च्या २३ हजारांहून जास्त. वरच्या मजल्याचं नाव ‘प्रोमनाड’. ऐकून वाटतं, संध्याकाळी फेरफटका मारायची जागा असेल. तिथून जोकोविच कोणता आणि बॉलबॉय कोणता हे चेंडू कोण कुणाला आणून देतो यावरून ओळखायचं. बाकी खेळ मोठ्या पडद्यावर बघायचा, जो घरीही असतो आणि फुकट असतो.

खालच्या रांगांत बड्या कंपन्यांचे पाहुणे. भर दुपारी त्यांच्या खुर्च्या हमखास रिकाम्या, कारण मंडळी आत जेवायला गेलेली. (टेनिस काय, रोजच असतं!) २०१६ साली वर सरकतं छप्पर आलं. पावसाचा प्रश्न मिटला, दुर्बिणीचा राहिला.

यूएस ओपनच्या पहिल्या आठवड्यात जाणार असाल तर सरळ ग्राउंड पास (बाहेरच्या कोर्टांचं तिकीट) घ्या आणि लवकर जाऊन छोटं कोर्ट १७ गाठा. बुटांची करकर, खेळाडूची स्वतःशीच चाललेली बडबड, सगळं ऐकू येतं. फक्त फोटोखाली ‘ॲश स्टेडियम’ लिहिता येणार नाही, तेवढं सोसा.