आधी मान बघा

‘मिंट कंडिशन. घरातच वाजवलाय. अंगावर एक ओरखडा नाही.’ जुना बेस गिटार विकणाऱ्यांना ही तीन वाक्यं पाठ असतात. तिन्ही खरी असू शकतात आणि तरीही तो बेस वाजवण्याच्या लायकीचा नसू शकतो. ओरखडा अंगावर असतो. दुखणं मानेत असतं.

मान म्हणजे नेक. चार तारा मिळून त्या लाकडाला साधारण 80 किलोच्या जोरानं ओढत असतात. एक धडधाकट माणूस तिला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. इलेक्ट्रिक गिटारची वाजती तार साडेपंचवीस इंचांच्या आसपास, बेसची बहुधा 34 इंच. लांबीही जास्त आणि ओढही जास्त. म्हणून नेकच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते, ट्रस रॉड. तारा नेकला पुढे वाकवतात, रॉड तिला मागे रेटतो. टोकाचा नट अ‍ॅलन कीनं आवळला की रॉडचा जोर वाढतो. पण तो नट कायम फिरत राहत नाही. एक दिवस तो शेवटाला टेकतो आणि त्यानंतर नेक आणखी वाकली, तर तिला मागे आणणारं आत काही उरत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मुलाकडून पाच तारांचा बेस घेतला. गडद निळा, आरशासारखा. ‘दादा, हात लावून बघा, नवाच वाटेल,’ तो म्हणाला. मी हात लावला, दोन ओळी वाजवल्या, 24 हजार मोजले. जून संपता संपता नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपाशी, म्हणजे फ्रेटपाशी, तारा इतक्या वर आल्या की तासाभरात बोटं भरून यायची. वांद्र्याला गिटारी दुरुस्त करणारे एक अंकल आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी रॉडवरचं झाकण काढलं, की घातली, बोटांनी अंदाज घेतला आणि की बाहेर काढली. ‘रॉड संपलाय. आणि हे बघ, नटाच्या कडा गोल झाल्यात. तुझ्याआधी कुणीतरी जोर लावून बघितलाय.’ मी त्या मुलाला फोन केला. ‘विकताना असलं कोण सांगतं, दादा?’ असं त्याचं उत्तर होतं.

हीच वृत्ती या बाजाराला पोखरते. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, ही सबब मला मान्य नाही. रॉड संपलाय हे माहीत असून गप्प बसणं म्हणजे फसवणूक.

पण घेणाऱ्याचंही चुकतं. आमच्याकडे तंबोरा घेण्याची रीत बघा. मिरजेला गेलेला माणूस भोपळ्यावरच्या नक्षीकडे नंतर बघतो. आधी तारा छेडतो, जवारी ऐकतो, मनासारखी नसेल तर कारागिरासमोर बसून लावून घेतो. त्याच घरातला मुलगा बेस घेताना मात्र रंग निवडतो. बेस म्हणजे चारच तारा, सोपं वाद्य, कोणताही चालेल, असा समज घराघरात आहे. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांचे मुखडे आपल्याला तोंडपाठ आहेत, पण खाली चाललेला बेस वेगळा काढून किती जण ऐकतात? ऐकणारे नाहीत, मग पारखणारे कुठून येणार?

पारख अवघड नाही. बेस आडवा धरा, बंदुकीची नळी रोखावी तशी धडाच्या बाजूनं नेकच्या कडेवरून नजर टाका. पीळ असेल तर इथेच दिसतो, आणि पिळलेली नेक रॉडनं सरळ होत नाही. असा बेस तिथेच खाली ठेवा. मग जाड तार एका हातानं पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हातानं नेक धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर. ताणलेली तार ही आता तुमची फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नसेल तर नेक मागे गेलीय, जाडजूड पुठ्ठा मावत असेल तर पुढे. दोन्ही दुरुस्त होतं, रॉडमध्ये जीव असेल तर. तो आहे की नाही हे विकणाऱ्यासमोर की घालून, पाव वळसा फिरवून बघा. पाव वळसाच, त्याहून जास्त नाही. विकणारा की घालू देत नसेल, तर उत्तर मिळालं असं समजा.

यानंतर प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळवाणं आहे, पाच मिनिटं लागतात, पण एखाद्या फ्रेटवर स्वर मरतो किंवा तार झणझणते ते असंच कळतं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळतात का ते पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर सॅडल, म्हणजे धडावरचा तारेचा टेकू, मागे घ्यायचं, उतरा असेल तर पुढे. हे स्क्रूड्रायव्हरचं काम आहे, त्यासाठी व्यवहार मोडू नका. खरखरणारा पॉट (आवाजाची कळ), सैल जॅक, यांचंही तेच. पाच-पाचशेच्या दुरुस्त्यांवर घासाघीस करत बसायचं आणि नेककडे ढुंकून बघायचं नाही, हा उलटा हिशेब मी अनेकदा पाहिला आहे.

आणि मोबाइलवरच्या व्हिडिओवरून बेस घेऊ नका. खालच्या ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो धड वाजवूच शकत नाही. तुम्ही ऐकता ते त्या स्वराचे वरचे पडसाद. जा, भेटा, ॲम्पला जोडून वाजवा.

आता ‘ओरिजिनल’चं खूळ. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 साली त्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभ्या डबल बेसवर स्वराची जागा अंदाजानं धरावी लागते, इथे फ्रेट असल्यामुळे ती नेमकी सापडते, म्हणून नाव प्रिसिजन. पण त्याची दुसरी करामत मला मोठी वाटते. त्यानं नेक सरसानं चिकटवली नाही, चार स्क्रूंनी धडाला जोडली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. दुरुस्ती करणाऱ्या माणसानं दुरुस्त होणारं वाद्य बनवलं. त्या वाद्याचा एक पॉट बदलला म्हणून नाक मुरडणारे त्या माणसाची दृष्टीच विसरतात. बदललेला भाग हा दोष नाही. लपवलेला बदल हा दोष आहे. जुन्या फेंडरमध्ये रॉडचा नट नेकच्या धडाकडच्या टोकाला असतो, म्हणजे तो फिरवायचा तर बहुधा नेक उतरवावी लागते. तिथे नेक उतरवून दाखवायला नकार देणाऱ्याशी मी बोलणं थांबवतो.

1965 च्या जानेवारीत फेंडरनं कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. तेव्हापासून ‘प्री-सीबीएस’ या शब्दाला बाजारात भाव आहे आणि त्यामागे कारणही आहे. नंतरच्या काळात, विशेषतः सत्तरच्या दशकात, फेंडरच्या कामाचा दर्जा घसरला. पण आपल्याकडे आता कुठल्याही वीस वर्षं जुन्या इंडोनेशियन बेसला ‘विंटेज’ म्हणतात. इंडोनेशियात उत्तम बेस बनतात, मी आज वाजवतो तो तिथलाच आहे. पण वीस वर्षांनी बेस जुना होतो, एवढंच. जुनेपणाचे वेगळे पैसे मागू नका.

वाजणाऱ्या बेसची खूण काय, हे डेट्रॉइटचा बेसवादक जेम्स जेमरसन याच्याकडे बघून समजतं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत त्याचा 1962 चा प्रिसिजन आहे. तारा जाड, फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट वेढ्याच्या, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. नव्या तारांची झळाळी त्याला नकोच होती. म्हणजे दर महिन्याला तारा बदलणं म्हणजेच निगा, असं नाही. ज्याला अंगठ्यानं तारा आपटत स्लॅप वाजवायचंय त्यानं गोल वेढ्याच्या, राउंडवाउंड घ्याव्यात आणि त्या मेल्या की बदलाव्यात. निगा वाजवण्याच्या पद्धतीवर ठरते.

जेमरसनचा तो बेस 1983 मध्ये त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. बेसवादक जॅको पास्टोरियसचाही बेस 1962 चाच, जॅझ बेस. फ्रेट काढलेल्या त्याच्या लाकडावर जॅकोनं इपॉक्सीचा थर चढवला होता. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून तो बेस चोरीला गेला. पुढच्याच वर्षी जॅको वारला आणि बेस सापडायला सुमारे वीस वर्षं लागली. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफ्नर बेस 1972 मध्ये लंडनला चोरीला गेला. तो परत मिळाल्याचं जाहीर झालं 2024 च्या फेब्रुवारीत. अशा माणसांचे बेस इतकी वर्षं हरवून राहतात, तर तुमचा-माझा कोण शोधणार? म्हणून आज घरी गेल्यावर सीरियल नंबरचा फोटो काढा. घेतानाही विकणाऱ्याकडे बिल मागा, निदान त्याचा त्या बेससोबतचा जुना फोटो तरी. बेस फारच स्वस्त मिळत असेल, तर तो चोरीचा असू शकतो.

अमेरिकेतून जुना बेस पाठवणाऱ्या नातेवाइकांसाठी एक सूचना. साठच्या दशकातल्या अनेक बेसचा फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा आहे. 1992 पासून हे लाकूड धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. असा बेस देशाबाहेर न्यायचा तर आधी कागदपत्रं लागतात. भारतीय शिसवाच्या तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीपासून सूट आहे. लाकूड कोणतं ते आधी विचारा, तिकीट नंतर काढा.

आणि आपला पावसाळा. मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. लाकडाच्या वाद्याला 45 ते 55 टक्के मानवते. लाकूड पाणी पितं, नेक पुढे झुकते, तारा वर येतात. हवा कोरडी झाली की विदर्भ-मराठवाड्यात उलट होतं, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला लागतात. म्हणून सेटअप वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर. तंबोऱ्याला गवसणी घालणाऱ्या घरात बेस खिडकीशेजारच्या भिंतीला टांगलेला बघवत नाही. बॅगेत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण आठवड्यातून दोनदा बाहेर काढून वाजवा. बंद बॅगेत महिनाभर पडलेल्या बेसला बुरशी येते. मे महिन्यात कारच्या डिकीत सोडू नका. त्या उष्णतेनं सरस सैल पडतो. ॲक्टिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, असेल तर वाजवून झाल्यावर केबल बेसमधून काढा. ती खुपसलेली असेपर्यंत आतली 9 व्होल्टची बॅटरी जळत राहते, आणि विसरलेली बॅटरी फुटून सर्किट खाते.

वांद्र्याच्या अंकलनी माझ्या निळ्या बेसला शेवटी दुसरी नेक बसवली. 9 हजार लागले. तो मी दोन वर्षांनी नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रातल्या मुलीला विकला. नेक बदललेली आहे, कुणी बदलली, का बदलली, रॉडला किती फिरायला जागा आहे, पुढचा पिकअप किंचित हम करतो, हे सगळं आधी कळवलं. तिनं दोन हजार कमी करायला सांगितले, मी केले. ती अजून तोच वाजवते.

विकायला काढणार असाल तर एवढं करा. जाहिरातीत रंगाच्या आधी रॉडची ओळ लिहा. बदललेले भाग लिहा, बझ होणारा फ्रेट लिहा. येणाऱ्याला अर्धा तास ॲम्पसमोर बसू द्या. आणि रॉडची की बेससोबत द्या. ती तुमच्या ड्रॉवरमध्ये राहून कुणाच्याच कामाची नाही.