मुद्दाम हुकवलेला नेम

अमेरिकेत पूल या बिलियर्ड्सच्या जातीच्या खेळाच्या हौशी लीगमध्ये मुद्दाम नेम हुकवणाऱ्याला ‘डोकेबाज’ म्हणायची पद्धत पडली आहे. तो डोकेबाज नाही, चोर आहे. आणि चोरतो तेही त्या हॉलमधल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूकडून.

अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन ही तिथली मोठी हौशी लीग. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये तिचा पाया घातला. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी बारमध्ये क्यू हातात धरणाऱ्या माणसालाही मुरलेल्या खेळाडूविरुद्ध जिंकायची खरी संधी मिळावी, ही कल्पना. त्यासाठी एट-बॉल या पूलच्या प्रकारात प्रत्येकाला २ ते ७ अशी पातळी दिली जाते. ७ पातळीचा खेळाडू २ पातळीच्या समोर उभा राहिला, तर त्याने ७ गेम जिंकायचे आणि नवख्याने फक्त २. गल्लीतल्या खेळात आपण लिंबूटिंबूला सवलत देतो, तीच इथे तक्त्यात बसवलेली. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. फार थोड्या खेळांत नवशिक्याला इतक्या सन्मानाने टेबलापाशी बोलावलं जातं.

पातळी ठरते ती मुख्यतः एका हिशेबावर: गेम जिंकायला किती इनिंग, म्हणजे पाळ्या, लागल्या. पक्का खेळाडू दोन-तीन इनिंगमध्ये टेबल साफ करतो, कच्चा दहा-बारा घेतो. बॉल पॉकेटमध्ये घालायचा इरादाच नसलेला फटका ‘बचावाचा’ म्हणून गुणलेखकाने नोंदवायचा असतो. तो हिशेबातून वजा होतो. सँडबॅगिंग करणारे, म्हणजे पातळी खाली राहावी म्हणून मुद्दाम कच्चं खेळणारे, हात घालतात ते नेमके इथे. समोर नवखा आहे, तो एका दमात टेबल साफ करणार नाही, हे पक्क्याला ठाऊक असतं. मग पॉकेटच्या तोंडाशी असलेला सोपा बॉल तो केसभर चुकवतो, हळहळल्यासारखं करतो आणि खुर्चीत जाऊन बसतो. पुढच्या इनिंगला पुन्हा तेच. शेवटी काळा बॉल घालून गेम जिंकतोच, पण कागदावर इनिंग भरपूर दिसतात. त्याच्याच संघाचा गुणलेखक शेजारी बसलेला असतो आणि त्या हुकवलेल्या फटक्यांपुढे बचावाची खूण करत नाही. जिंकायचंही आणि कच्चंही दिसायचं, असे दोन्ही डाव एकदम साधतात.

याची किंमत कोण मोजतं ते तक्ता सांगतो. खरा ६ पातळीचा खेळाडू २ समोर आला, तर त्याला ६ गेम जिंकावे लागतात. तोच ४ बनून आला, तर ४ पुरतात. नवख्याला दोन्हीकडे २ गेमच हवे असतात, पण ते गाठायला त्याच्या हाती असलेले दोन गेम कोणीतरी खिशात घातलेले असतात. तो हरतो, आणि आपण का हरलो हे त्याला कळतही नाही. माझ्या मते हे या फसवणुकीतलं सगळ्यात वाईट. बलवान खेळाडूला फसवलं तर तो निदान ओळखतो, भांडतो. नवखा स्वतःलाच दोष देतो आणि पुढच्या हंगामात येत नाही.

लोक हे का करतात? एक कारण या लीगची लास वेगासमधली स्पर्धा. तिथे बक्षीस आहे, मिरवणं आहे. पण त्याहून खोल कारण आहे २३ चा नियम. एका सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. ७, ५, ४, ४, ३ असा संघ बरोबर बसतो. त्यातला एकजण खेळ सुधारून ४ चा ५ झाला, की बेरीज २४. मग कोणाला तरी बाहेर बसावं लागतं, आणि आणखी दोघं सुधारले तर संघ फोडावा लागतो. वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्या मित्रांना हे जिवावर येतं, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. सुधारणेची अशी शिक्षा देणारा नियम पुन्हा तपासायला हवाच. पण त्यावरचा उपाय समोरच्या नवख्याच्या खिशातून काढायचा, हे मात्र मुळीच पटणारं नाही.

‘सगळेच करतात’ हे तर मला ऐकवतच नाही. सगळे करत नाहीत. प्रामाणिकपणे ५, मग ६ होणारे, त्यासाठी आपला लाडका संघ सोडणारे खेळाडू आहेत, आणि या वाक्याने सगळ्यात जास्त अपमान त्यांचा होतो.

दुसरी वाटही उपलब्ध आहे. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहराचं नाव लावणारी फार्गोरेट पद्धत इनिंग मोजतच नाही. कोण कोणाशी किती गेम जिंकला, एवढंच पाहते. दोघांत १०० गुणांचं अंतर असेल, तर वरचा खालच्याच्या दुप्पट गेम जिंकेल असं धरते. तिथे आकडा खाली आणायचा, तर गेम खरोखर हरावे लागतात. तेही करणारे महाभाग असतीलच, पण जिंकता जिंकता कच्चं दिसायची सोय तिथे संपते.

इनिंगची पद्धतच ठेवायची असेल, तर हत्यार आधीच हातात आहे. गुणपत्रिका दोन्ही संघ लिहितात. समोरचा पक्का खेळाडू तोंडाशी असलेला बॉल सोडतो तेव्हा ‘वाद कशाला’ म्हणून पेन खाली ठेवणारा प्रतिस्पर्धी गुणलेखक या चोरीत सामील असतो. त्याने खूण करावी, समोरच्याने डोळे वटारले तरी करावी. आणि स्थानिक लीग चालवणाऱ्यांनी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात. त्यांचं उत्पन्न संघांच्या आठवड्याच्या शुल्कावर चालतं, म्हणून अख्खा संघ दुखावायला ते कचरतात, हे मी समजू शकतो. तरीही पातळी हाताने वाढवायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. तो हंगामाच्या मध्यात वापरावा, अंतिम फेरीची वाट न बघता; संघ रागावून निघून गेला, तर जाऊ द्यावा.