अथेनाची गुरवीण

फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात ही शेवटच्या वर्षाला आहे. विषय समाजशास्त्र, केस अर्धे निळे, दंडावर गोंदलेलं घुबड. लग्नसंस्था, धर्मसंस्था, भांडवलशाही यांतलं काहीच शिल्लक ठेवू नये, असं तिचं ठाम मत. फक्त कॉलेजच्या लँटर्न नाइट या सोहळ्यात पहिल्या वर्षाची कोणी खोकली, की हिच्या कपाळावर आठ्या.

१८८५ साली सुरू झालेलं हे मुलींचं कॉलेज एका क्वेकर डॉक्टरच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं. क्वेकर म्हणजे कर्मकांडाचं वावडं असलेली माणसं. त्यांच्या दगडी इमारतीत आता ग्रीक देवी नांदते. परीक्षा जवळ आली की ग्रेट हॉलमधल्या अथेनापुढे मेणबत्त्या, चिठ्ठ्या, खाऊ, काय वाट्टेल ते येऊन पडतं. आपल्या देवळातल्या गुरवाच्या नजरेनं ही तो ढीग न्याहाळते. अर्धं खाल्लेलं चॉकलेट वाहिलेलं तिला मुळीच खपत नाही. खरी जुनी मूर्ती दुसऱ्या इमारतीत उंचावर सुरक्षित ठेवलीय, इथं नुसती प्रतिकृती. 'मग ही पावते का?' असं एका नवख्या मुलीनं विचारलं.

'श्रद्धा हवी,' ही निरीश्वरवादी बाई म्हणाली.

लँटर्न नाइटला काळे झगे घालून, ग्रीक गाणी म्हणत नव्या मुलींना कंदील द्यायचे. लाल, हिरवा, गडद निळा, फिकट निळा असे चार रंग आळीपाळीनं येतात. त्यामुळे सत्तरीची माजी विद्यार्थिनी भेटली तरी ही नाव-गाव नंतर विचारते, आधी कंदिलाचा रंग. जुळला की मिठी. न जुळला तर नुसतं 'नाइस टु मीट यू'.

हिच्याच मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहते. इथल्या ऑनर कोडप्रमाणे आपले गुण इतरांजवळ बोलायचे नाहीत. दर रविवारी पुण्याहून फोन येतो, 'किती पडले?' मुलगी घुटमळते. एकदा हिनं फोन हातात घेऊन त्या माउलीला १८९२ पासूनच्या विद्यार्थिनी-स्वराज्याचा इतिहास ऐकवला. माउलीनं सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, 'बरं, तुला किती?'

मे डेला पांढरे कपडे घालून मेपोल नावाच्या खांबाभोवती नाचतात. खांब फारच पुरुषी वाटला म्हणून पूर्वीच्या स्त्रीवादी मुलींनी 'मे होल' नावाचं बंडखोर नृत्य काढलं. त्याच्या तालमीला एक मुलगी हौसेनं वेगळाच पदन्यास करू लागली. हिनं टाळी वाजवून नाच थांबवला.

'असं नाही. आमच्या वेळी डावीकडून सुरुवात करायचो.'

वय वर्षं बावीस.