अद्याप न आलेल्या आयुक्तांस

प्रति,
मा. विभागीय आयुक्त (महसूल),
नांदेड किंवा लातूर, जे ठरेल ते.

विषय : आपल्या कुटुंबासाठी सोयीची वसाहत निवडण्याबाबत.
संदर्भ : जानेवारी २००९ पासून पाहिलेली आपली वाट.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण अजून रुजू झालेला नाहीत. आपलं कार्यालय उघडलेलं नाही आणि ते कोणत्या गावात उघडायचं यावर एकमतही नाही. तरी हे पत्र आधीच लिहून ठेवतोय, कारण आमच्याकडं कार्यालय एका दिवसात थाटता येतं, पण भाड्याचं घर मिळायला वेळ लागतो. २००९ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मराठवाड्याचे दोन महसूल विभाग करायचं ठरवलं आणि नव्या विभागाचं मुख्यालय नांदेडला दिलं. लातूर पेटलं. प्रकरण औरंगाबादच्या खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हा आमची लेक रांगत होती. ती बारावी झाली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आपण मात्र अजून रस्त्यातच आहात. त्यामुळं आपण आमच्यातलेच, अप-डाऊन करणारे, असं मी समजून चाललोय.

सरकारनं दोन्ही गावांत दुजाभाव केला असं कुणी म्हणू नये. मुख्यमंत्री दोन-दोन दिले. नांदेडला शंकरराव आणि अशोकराव हे चव्हाण बाप-लेक, लातूर जिल्ह्याला शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. सामना बरोबरीत. कार्यालयंही तशीच वाटली. दहावी-बारावीचं विभागीय मंडळ लातूरला, विद्यापीठ नांदेडला. शिक्षण उपसंचालक लातूरला, पोलिसांचं परिक्षेत्र नांदेडला. नांदेडच्या पोराच्या बारावीच्या मार्कमेमोवर नाव चुकलं तर बापानं लातूरला जायचं. लातूरच्या पोराची पदवी अडकली तर त्याच्या बापानं नांदेड गाठायचं. हे दोन बाप लोह्याच्या आसपास कुठंतरी एकमेकांना ओलांडतात, आणि दोघांनाही वाटतं, समोरून येणारा चुकीच्या दिशेनं चाललाय.

मी कोण हे सांगायचं राहिलं. मी अहमदपूरच्या एका कार्यालयात लिपिक आहे. अहमदपूर हे नांदेड आणि लातूरच्या जवळपास मध्यावर, तुळजापूरहून नागपूरकडं जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर. आमच्या कार्यालयात पक्ष दोनच, नांदेडवाले आणि लातूरवाले. सकाळी दोन दिशांनी दोन गाड्या येतात, संध्याकाळी दोन दिशांनी जातात. मधल्या वेळात शासन चालतं. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे. पावणेदहाला नांदेडवाले सोनखेड ओलांडल्याचं फोनवर सांगतात आणि लातूरवाले चाकूर. सव्वासहाला कोण कुठं असतं हे मी सांगणार नाही, आपण वरिष्ठ आहात. अहमदपुरात का राहत नाही, असं विचाराल. साहेब, अहमदपुरात अहमदपूरचे लोक राहतात. नोकरीवाला तिथं उतरतो फक्त.

रेल्वेनं जाता येईल का, अशी शंका बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला येते. येतं की. नांदेडहून पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी आणि मग लातूर रोड. 'लातूर रोड' ऐकून सामान खाली काढू नका. हे स्टेशन लातुरात नाही, चाकूर तालुक्यात आहे. तिथून लातूर अजून तीसेक किलोमीटर. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, लातूर मध्य रेल्वेत. दोन झोन आपापल्या रुळांवर सुखी आहेत. लोहा-अहमदपूरवरून सरळ मार्ग व्हावा ही मागणी आम्ही दर निवडणुकीत करतो आणि ती दर निवडणुकीत मान्य होते.

आता मुद्द्याचं. आपलं कार्यालय नांदेडला झालं, तर घर कुठं घ्यायचं?

नांदेडमध्ये हा प्रश्न एकाच वाक्यात सुटतो किंवा चिघळतो : गोदावरी ओलांडायची की नाही. नदीच्या उत्तरेला वजीराबाद, श्रीनगर, भाग्यनगर, आनंदनगर, पुढं तरोडा. शाळा, क्लास, दवाखाने, साडीची दुकानं आणि तुमच्या सौभाग्यवतींच्या होऊ घातलेल्या मैत्रिणी, सगळं तिकडं. दक्षिणेला सिडको-हडको, कौठा, लातूर फाटा, पुढं विष्णुपुरी. विष्णुपुरीत विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, मेडिकल कॉलेज, धरण. ज्ञान, आरोग्य आणि पाणी तिन्ही एका जागी, तरी पोराला ट्यूशनला न्यायचं म्हटलं की पूल ओलांडून उत्तरेला यावं लागतं. अप-डाऊन करणाऱ्यानं दक्षिणेला राहावं, लोह्याची गाडी दारातून मिळते, असा माझा हिशोब होता. मी सिडकोत घर बघून आलो. बायकोनं एकच प्रश्न विचारला, "तुमचे दिवसातले चाळीस मिनिट वाचावेत म्हणून आम्ही तिघं रोज चार वेळा नदी ओलांडायची का?" गणित तिचं बरोबर होतं. घर भाग्यनगरात घेतलं. ती चाळीस मिनिटं मी अकरा वर्षं पुलावर आणि चौकातल्या सिग्नलवर मोजली.

हेही सांगून ठेवतो. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नदी स्वतःच उपनगर निवडते. वसरणी, खडकपुरा, नदीकाठचे सखल भाग. प्लॉट विकणारा मे महिन्यात दाखवतो, 'नदी व्ह्यू'. तुम्ही ऑगस्टमध्ये बघायला जा.

कार्यालय लातूरला झालं, तर प्रश्न वेगळा. लातूरची रचना फार सुंदर आहे. मधोमध गंजगोलाई आणि तिथून चहूकडं फुटणारे सोळा रस्ते. कुठल्याही दिशेनं निघा, माणूस पोहोचतो. प्रश्न फक्त परतताना येतो, सगळे सोळाही गोलाईतच परत आणतात. नांदेड रोडला, गरुड चौकाकडं घर घेतलंत तर अहमदपूरची गाडी पटकन मिळेल. पण चांगलं वातावरण म्हणजे औसा रोड, असं तुम्हाला पहिल्याच दिवशी कळवलं जाईल. लातुरात 'वातावरण' म्हणजे हवा नव्हे. शेजारच्या घरातलं पोर पहाटे साडेचारला उठतं की नाही, ते वातावरण.

भाड्यानं घर बघताना नांदेडमध्ये विचारतात, पार्किंग आहे का? लातुरात विचारतात, पाणी किती दिवसांनी येतं? घरमालक बोअर किती फूट खोल आहे ते अभिमानानं सांगतो, जसं मुलीचे टक्के सांगावेत. आणि का सांगू नये? २०१६ चा उन्हाळा या गावानं काढलाय. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. जलदूत नाव. त्याच बार्शीच्या मार्गावरून, जिथं कधीकाळी कॅल्थ्रॉप साहेबाची नॅरोगेज धापा टाकत लातुरात यायची. बातमी वाचताना आमच्या कार्यालयात एकदम शांतता पसरली. साडेतीनशे किलोमीटर भरून यायचं, रिकामं परत जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी हळूच म्हणाले, "पाणीबी अप-डाऊन करायलंय की हो." त्या दिवशी कुणीही लवकर गेलं नाही.

नांदेडला धरण गावाला खेटून आहे, मग तुम्ही नांदेडलाच का राहत नाही, हा आपला पुढचा प्रश्न. राहत होतो. मग लेक दहावी झाली.

साहेब, वसाहत निवडताना तज्ज्ञ लोक बाग, शाळा, दवाखाना, प्रवासाचा वेळ वगैरे बघायला सांगतात. आमच्याकडं मूल दहावीला जाईपर्यंत ही यादी चालते. त्यानंतर घर क्लास निवडतो. लातुरात 'ट्युशन एरिया' नावाचा सबंध भागच आहे, रिक्षावाल्याला एवढंच सांगायचं. तिथं खोल्या मिळतात, मेस मिळते, टेबल-खुर्ची भाड्यानं मिळते आणि फलकांवर पोरांचे फोटो मार्कांसह. शाहू आणि दयानंद कॉलेजांनी लातूर पॅटर्न उभा केला, तेव्हा त्यांच्या मनात असं काही असेल असं वाटत नाही, पण आता ते गाव म्हणजे आयांचं वसतिगृह झालंय. गावोगावच्या आया दोन वर्षांसाठी येतात, एक गॅस शेगडी आणि एक पोर घेऊन. नांदेडमध्येही क्लास कमी नाहीत, लातूरची पोरं तिकडं जातात. मी अहमदपूरच्या बसस्टँडवर उभा राहून दोन्हीकडं जाणाऱ्या ट्रंका बघितल्यात. पण आमच्या लेकीच्या मैत्रिणी लातूरला निघाल्या होत्या, म्हणून लेक लातूरला.

बायको लोहा तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिला रजा मिळेना, म्हणून आई, म्हणजे लेकीची आजी, लातूरला गेली. बायको आणि धाकटा नांदेडला. आणि मी, आपल्या विभागाच्या बरोब्बर मध्यावर. सोमवारी नांदेडहून यायचं, मंगळवारी संध्याकाळी लातूरला जायचं, बुधवारी तिथून यायचं, गुरुवारी पुन्हा नांदेड. एसटीचा महिन्याचा पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो, पण त्यावर दिशा एकच लिहितात. वाहकानं एकदा विचारलं, "मास्तर, नेमकं कुठं राहायलाव तुम्ही?" मी मास्तर नाही, पण या रस्त्यावर पिशवी घेतलेल्या प्रत्येकाला मास्तरच म्हणतात. मी म्हटलं, "शिरूर ताजबंदच्या पुढं झोप लागते बघा, तिथंच."

बायकोचं निराळंच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळं आमच्या घरात तिचं अप-डाऊन स्वस्तातलं आणि माझं चैनीचं ठरलंय.

शिवाय मुख्यालयी राहण्याचा नियम आहेच. शिक्षकानं शाळेच्या गावात राहावं आणि तसा ग्रामसभेचा ठराव जोडावा, तर घरभाडे भत्ता मिळतो. नियम योग्यच आहे. शिक्षक गावात राहिला पाहिजे, माझे गुरुजी राहायचे, रात्री कंदील घेऊन आमचा अभ्यास बघायला यायचे. आता मात्र बायकोच्या गावात तिला भाड्यानं द्यायला एक खोली नाही. ठराव आहे. सरपंचांची स्वतःची पोरं नांदेडला शिकतात, ते पुरते समजून आहेत. आमदार विधानसभेत घरभाड्याचा प्रश्न विचारतात, तेव्हा टीव्ही बघणाऱ्या शिक्षकाच्या मनात एक प्रश्न येतो, तो मी इथं लिहीत नाही. आमदाराचं मुख्यालय मतदारसंघ की आमदार निवास, एवढाच तो होता.

आपल्यालाही हा नियम लागू पडेल. फरक एवढाच की आपल्यासाठी मुख्यालयच अजून ठरलेलं नाही, त्यामुळं आपण कुठंही राहिलात तरी नियमभंग होत नाही. ही सवलत उपभोगून घ्या. घरभाड्याचा विचार करत असाल तर केंद्राच्या वर्गवारीत नांदेड-वाघाळा 'वाय' आणि लातूर 'झेड' आहे, लातूरकरांना हे सांगू नका. आणि मुलं दहावीच्या आत असतील तर नांदेड, पुढं असतील तर लातूर, अशी माझी शिफारस होती. बायको म्हणाली, मुलं असतील तर साहेबांनी संभाजीनगरलाच राहावं, सध्याचे आयुक्त तिथंच बसतात आणि आपल्या दोन्ही गावांना तिथं जायला सारखाच दिवस मोडतो. या बाबतीत तिचं गणित पुन्हा बरोबर आहे.

तरीही आपण याच, असं मनापासून वाटतं. आपल्यासोबत पाच-पंचवीस कार्यालयं येतील, त्यातला निम्मा स्टाफ नांदेडहून निघेल, निम्मा लातूरहून, आणि अहमदपूरच्या चहावाल्यानं मला विचारून ठेवलंय की दुसरी टपरी आत्ताच टाकू का.

आमच्या शेअरिंगच्या गाडीत मधल्या सीटवर एक जागा रिकामी झालीय. बसणारे गृहस्थ निवृत्त झाले. आता ते रोज सकाळी भाग्यनगरच्या कोपऱ्यावर नुसतेच येऊन उभे राहतात, गाडी गेली की घरी जातात. ती जागा आपल्या नावानं धरून ठेवली आहे. पैसे एक तारखेला, सुट्टीचे दिवस वजा होत नाहीत. काचेशेजारी बसायचं असेल तर ज्येष्ठता लागते, ती २००९ पासून धरायला आमची हरकत नाही.

आपला विश्वासू,
एक लिपिक,
सध्या माळाकोळीच्या पुढं