ऊर्जाखातं माझ्याकडे

आमच्या घरात सध्या भारनियमन आहे आणि ते मी करतो.

घर म्हणजे पिकअपच्या मागे ओढून आणलेला ट्रेलर. तो उभा आहे ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या सरकारी वाळवंटात. इथे १४ दिवस फुकट राहता येतं, कारण खांब, मीटर, नळ यांतलं काहीही नाही. हिवाळ्यात इथे हजारो गाड्या येऊन पांगतात. ऑफिसात मी सांगतो की आम्ही ग्रिडपासून मुक्त होऊन निसर्गाकडे जातो. प्रत्यक्षात डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, निसर्ग दिसायचा बंद होतो, आणि मग मी ज्यासाठी आलेलो असतो ते सुरू होतं. म्हणजे टीव्ही.

छपरावर १०० वॉटच्या चार सोलर प्लेटा आहेत. ४०० हा आकडा पार्टीत सांगायचा. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून ३३ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे छपरावर आडव्या पडलेल्या प्लेटांना तो तिरपा आणि अर्धामुर्धाच मिळतो. दिवसाची कमाई १००० वॉट-तासांच्या घरात, म्हणजे एक युनिट. गावाकडे कटिंग चहाच्या किमतीत मिळणारं हे एक युनिट रोज मिळावं म्हणून मी किती डॉलर घातले हे बायकोला माहीत आहे, तेवढं पुरे.

आता खर्च. टीव्ही बिचारा गरीब आहे, ३२ इंची, ३५ वॉटवर भागवतो. खरं खाते ती स्टारलिंकची थाळी, ७५ ते १०० वॉट. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे १२० करून देताना दहाएक टक्के दलाली कापतो, आणि काहीही जोडलेलं नसताना नुसता चालू आहे म्हणून वीसेक वॉट घेतो. बंद करायला विसरलं तर दिवसभरात अर्ध्या युनिटाच्या आसपास त्यानं बसल्या जागी संपवलेलं असतं. तीन तासांचा सिनेमा सगळं धरून साडेचारशेला पडतो. त्यात रात्री पारा तीन-चार अंशांवर उतरतो. हीटर गॅसवर चालतो खरा, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर, त्याचे पहाटेपर्यंत आणखी चार-पाचशे. थोडक्यात, नायक-नायिकेची भेट तरी होऊ द्यायची, नाहीतर आपले पाय तरी गरम ठेवायचे.

मुलगी म्हणते, सिनेमे घरूनच डाउनलोड करून आणले तर थाळी लावायलाच नको. बरोबर आहे. पण मग मी काय करायचं?

कारण बॅटरीत किती टक्के शिल्लक आहे हे सांगणारं ॲप फक्त माझ्या फोनवर आहे. कुटुंबप्रमुख म्हणून जी काही पत उरली आहे ती त्या ॲपवर टिकून आहे. संध्याकाळी मी बाहेर खुर्ची टाकून बसतो, फोन काढतो, कपाळाला आठ्या घालतो आणि कुणीतरी ‘किती आहे?’ विचारेपर्यंत तशाच ठेवतो. मग म्हणतो, ‘बघू या.’ मंत्री लोक एवढंच का बोलतात ते मला आता कळतं.

यंदा हिवाळ्यासाठी आई आली आहे. तिला मी पहिल्याच दिवशी छपराचा वरून काढलेला फोटो दाखवला.

‘एवढ्याच?’ आई म्हणाली. ‘तुझ्या धाकट्याच्या मोटरीला पंधरा आहेत.’

धाकट्याच्या शेतात पाच हॉर्सपॉवरचा सोलर पंप आहे. त्याच्या प्लेटा होतात ४८०० वॉटच्या, माझ्या बारापट.

‘आई, ती सरकारी योजना आहे.’

‘मग तूही भरायचा होतास अर्ज.’

मी बॅटरीकडे वळलो. लिथियम आयर्न फॉस्फेट. जुन्या शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी लागे, नाहीतर तिचं आयुष्य घटे. ही जवळजवळ तळापर्यंत देते आणि वजनाला निम्म्याहूनही कमी. हे रसायन टेक्सासात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, त्यांना २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, आणि १९९७च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे, दुसरं नंजुंडस्वामी यांचं. हे सगळं मी असं सांगतो की ऐकणाऱ्याला चौथं नाव माझं असावं असं वाटावं.

‘पाध्ये का?’ आईनं विचारलं. ‘वाईचे?’

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्यांबद्दल सांगायला लागलो की बायको उठून भांडी घासायला घेते, पण तुम्ही बसा.

२५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या गावची लाईट जायला लागली. आधीही जात असेल, पण तोवर रविवारी साडेनऊला कुणाला तिची गरज नव्हती. गावात आमच्या आळीला टीव्ही एकच, गुरुजींचा, चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल. त्याच्या पाठीला १२ व्होल्टचं एक भोक होतं. आणि १२ व्होल्ट होते तात्यांकडे, त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये.

नवाच्या सुमाराला तात्यांचा गडी बॅटरी खांद्यावर पोतं टाकून त्यावर घेऊन यायचा. त्याच्या सदऱ्याला ॲसिडनं भोकं पडलेली. आम्हाला ती पदकांसारखी वाटायची. लाल चिमटा इकडे, काळा तिकडे, एक बारीक ठिणगी, की बायका हात जोडायच्या. टीव्हीवर हार, पुढे उदबत्ती. छपरावर एकजण अँटेना फिरवत ओरडायचा, ‘आलं का?’ आणि खालून पन्नास जण, ‘मुंग्या! मुंग्या! हां... गेलं!’ तात्या एकटे काही बोलायचे नाहीत. सगळे सतरंजीवर, तात्या खुर्चीत. गुरुजी स्वतःच्या घरात उभे.

बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी कडांनी आक्रसायचं. बघता बघता अख्खी अयोध्या तळहाताएवढी व्हायची आणि पन्नास माना पुढे सरकायच्या. त्या बॅटरीत ट्रॅक्टर सुरू होण्यापुरता जीव राखून ठेवायला लागायचा, आणि तो कुठवर राखायचा हे फक्त तात्यांना समजायचं. एका रविवारी समुद्रावर सेतू बांधणं चाललं होतं. वानर दगड आणतायत, दगड तरंगतायत, चित्र लहान होतंय. तात्यांनी हात वर केला.

‘बास. उद्या नांगरट आहे.’

गड्यानं चिमटे काढले. सेतू अर्धा राहिला. खुद्द प्रभू रामचंद्रांना थांबवलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. कुणी हूं की चूं केलं नाही. दोघाचौघांनी तर ‘बरोबर आहे तात्यांचं’ असंही म्हटलं. त्या वयात बाकीच्या पोरांना राम व्हायचं होतं, फारतर हनुमान. मला तात्या व्हायचं होतं.

लिथियममध्ये ती गंमत नाही हे मान्य केलं पाहिजे. ही बॅटरी शेवटपर्यंत व्होल्टेज जवळपास धरून ठेवते, आणि संपत आली की तिच्यातलं सर्किट खटकन सगळं तोडतं. चित्र आक्रसत नाही, माना पुढे सरकत नाहीत. म्हणून हात वर करण्याचं काम मला टक्केवारी बघून वेळेआधीच करावं लागतं.

त्यासाठी मी वेळापत्रक केलं आणि रंगीत पेनानं लिहून फ्रिजवर चिकटवलं. थाळी कधी, टीव्ही कधी, फोन चार्जिंग भर उन्हात, केसांचा ड्रायर कधीच नाही. मिक्सरही बंद, कारण तो ७५० वॉट ओढतो. आईनं चटणीचं खोबरं किसून ठेवलं होतं.

‘बाबा, मिक्सर दोन मिनिटं चालतो,’ मुलगी म्हणाली. ‘पंचवीस वॉट-तास. तुझी थाळी वीस मिनिटांत तेवढं खाते.’

हिला इंजिनिअरिंगला घालायचं की नाही याचा मी फेरविचार करतो आहे.

बायकोनं वेळापत्रकावर किराण्याची यादी लावली. आईनं मात्र ते चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, ‘आपली पाळी दिवसाची की रात्रीची?’ मग कुणी न सांगता तिनं पाण्याच्या बाटल्या भरल्या, फोन चार्जिंगला लावला, टॉर्च उशाखाली ठेवली. रात्री दोनच्या सुमाराला हीटरचा पंखा घरघरला, तर ती ताडकन उठून बसली.

‘आली का लाईट?’

शेतीच्या लाईनीला थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात वडील उसाला दारं धरायला जायचे, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काठी, कारण पाण्याबरोबर बिळातून सापही बाहेर येतात. आई अंथरुणात पडून मोटरीचा आवाज ऐकत असायची. आवाज थांबला की लाईट गेली असेल, नाहीतर दुसरं काही झालं असेल. वडील दारात येईपर्यंत यातलं कोणतं ते कळायचं नाही. हे तिनं इतकी वर्षं केलं की वडील गेल्यावरही तिची झोप मोटरीच्याच हिशेबानं चालते. ज्यानं ते वेळापत्रक कागदावर आखलं तो त्या वेळी आपल्या घरी झोपलेला असायचा, याचा मला अजून संताप येतो. दिवसा लाईट द्या एवढं साधं मागणं, त्यासाठी सोलर फीडरची सरकारी योजना यायला २०१७ साल उजाडावं लागलं. आणि इथे तिचा थोरला मुलगा हौस म्हणून, हिरव्या-लाल पेनानं.

वेळापत्रक मी काढलं नाही. आईची मालिका तेवढी अत्यावश्यक सेवेत घातली.

पुढे दोन दिवस ढग आले. ॲपवर तीसच्या खाली टक्के, प्लेटांची कमाई नावाला. शेजारच्या गाडीतल्या निवृत्त अमेरिकन आजोबांकडे होंडाचा तो लाल, हातात धरून नेता येणारा २२०० वॉटचा जनरेटर आहे. तो आवाजही फारसा करत नाही. पण जनरेटरवाल्यांबद्दल मी आजवर जे काही बोललो आहे ते या वाळवंटात बऱ्याच जणांनी ऐकलेलं आहे. मी ब्लँकेट घेऊन बसून राहिलो.

‘आकडा टाकायला खांब तरी आहे का इथं?’ आईनं खिडकीतून बाहेर बघत विचारलं.

नव्हता. तिनं मग दोन थालीपीठं ताटलीत घातली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि निघाली. आईचं इंग्रजी ‘थँक्यू’पाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. दहा मिनिटांत ती परत आली तेव्हा हातात नारिंगी वायरचं एक टोक होतं. दुसऱ्या टोकाला आजोबा थालीपीठ खात उभे होते. लाईट गेली की शेजाऱ्याकडून वायर ओढायची, यात तिला काही विशेष वाटलं नाही. मी ती वायर ट्रेलरच्या कुशीतल्या सॉकेटात जोडली, आणि ॲपवरचा आकडा कुणालाही मोठ्यानं न सांगता चढू दिला.

सिनेमा लागला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत रात्री १० ते सकाळी ६ शांततेचा नियम असतो, इथे वाळवंटात बघायलाही कुणी नाही. तरी आजोबांनी दहाच्या ठोक्याला जनरेटर बंद केला. शेवटाला वीसेक मिनिटं उरली असतील. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हीटरसाठी लागणारं राखून जेमतेम होतं. असा क्षण मला लहानपणापासून हवा होता. मी सावकाश हात वर केला.

‘पुढे ती मरते,’ आई म्हणाली, ‘आणि तो दारू सोडतो. झोपा आता.’

सकाळी लख्ख ऊन पडलं. आईनं धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळ्या गोष्टी सांगितल्या, ढगांपासून थालीपिठापर्यंत. मग फोन माझ्याकडे दिला.

‘दादा,’ धाकटा म्हणाला, ‘प्लेटा पुसतोस ना रे? मी आठवड्याला धुतो. धूळ बसली की मोटर पाणी टाकत नाही.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘मी इंजिनिअर आहे.’

सगळे फिरायला गेल्यावर मी शिडी लावली. वाळवंटाची धूळ पिठासारखी असते आणि त्यावर ढगांतून पडलेल्या चार थेंबांनी नक्षी काढली होती. आईचं जुनं लुगड्याचं फडकं ओलं करून चारही प्लेटा पुसल्या. ॲपवर पाहिलं, तीसेक वॉट वाढले होते.

दुपारी जेवताना मी जाहीर केलं की गेल्या काही दिवसांत ऊर्जाखात्यानं हाती घेतलेल्या उपाययोजनांमुळे आज रात्री भारनियमन होणार नाही, आणि मिक्सरवरची बंदी तात्पुरती शिथिल करण्यात येत आहे.

‘फडकं कुठे गेलं रे माझं?’ आईनं विचारलं.