आठवा प्लग

सनबीम टायगर ही गाडी ज्यांनी बनवली, त्यांचा बहुधा असा समज होता की प्लग एकदा बसवले की ते जन्माचे. १९६३च्या सुमाराला इंग्लंडच्या रूट्स कंपनीने ठरवलं, आपली नाजूक अल्पाइन गाडी अमेरिकेत खपवायची तर तिला जरा दांडगी करायला हवी. मूळचं इंजिन चार सिलिंडरचं, जेमतेम १.६ लिटरचं. ते काढून तिथे फोर्डचं सव्वाचार लिटरचं व्ही-८ घालायचं, की झाली टायगर! अमेरिकेतल्या कॅरोल शेल्बीने तसा नमुना करून दाखवलाही. पण नमुना करणाऱ्याला एकच गाडी करायची असते. पुढे वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनच्या कारखान्यात गाड्या जुळवायला घेतल्या, तर इंजिन काही सरळपणे आत जाईना. तेव्हा रंगवून आलेल्या बॉडीचा आतला पत्रा कामगार घणाने ठोकून मागे सारत, मग इंजिन बसे. जिथे इंजिनालाच घणाने जागा करावी लागली, तिथे माणसाच्या हाताचा विचार कोण करणार?

आठांपैकी सात प्लग कुरकुरत का होईना, बॉनेटखालून भेटतात. आठवा, म्हणजे डाव्या रांगेतला सगळ्यात मागचा, भेटत नाही. त्याच्यासाठी कंपनीने पाय ठेवायच्या जागेतून, समोरच्या पत्र्याला चक्क एक भोक ठेवलं आणि त्याला रबरी बूच मारलं. कंसालाही शेवटी आठव्यानेच घोळात घेतलं होतं. मला मात्र त्या भोकाबद्दल आदर आहे. ‘चुकलं आमचं, आतून या’ असं इतक्या उघडपणे सांगणारी कंपनी विरळाच.

माझ्या मेव्हण्याने कॅलिफोर्नियात ही गाडी पाळली आहे. आम्ही मुक्कामाला गेलो तेव्हा ती सात सिलिंडरवर चालत होती आणि तो काळजीने पोखरला होता. जेवताना त्याने माझ्या मनगटाकडे बराच वेळ पाहिलं.

“दाजी, तुमचा हात बारीक आहे हो.”

लग्न जमवताना पत्रिका पाहिली होती, पगार पाहिला होता. मनगट कुणी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी सासरी त्याचं चीज होणार होतं. शिवाय तरुणपणी कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी मी स्वतः राखली होती. बॉनेट उघडलं की चारही प्लग हाताशी. मायकोचा प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, गॅप बघा, लावा. त्या भांडवलावर मी होकार दिला.

स्टिअरिंगच्या खाली उताणं शिरायचं, डोकं पेडलांशी, पाय सीटच्या पाठीवर. बूच काढलं. आधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. फुंकली, बरीचशी माझ्या डोळ्यांत आली. मग वायर न ओढता तिची टोपी धरून, जरा पिळून सोडवायची. मग एक्स्टेन्शन लावून पाना घालायचा आणि पाव पाव आट्याने फिरवत बसायचं. एवढ्यात वरून बायकोचा आवाज आला, “अहो, तुमचेच ना हे पाय?” मान हलवायला जागा नव्हती, म्हणून अंगठा हलवला.

प्लग निघाला. बिस्किटी रंगाचा असता तर तब्येत ठणठणीत. हा काजळीने काळाकुट्ट. मेव्हण्याने तो दोन्ही हातांत असा घेतला, की मला अंघोळ करावीशी वाटली.

नवा बसवण्यात खरी मेख. पान्याने सुरुवात केली आणि आटा तिरका चढला की हेडची वाट लागते. त्यावर एक नामी युक्ती आहे. प्लगच्या चिनीमातीच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा घट्ट खोचायचा आणि नळीच फिरवायची. आटा तिरका लागलाच तर नळी घसरते, जोर करत नाही. सासरच्या मंडळींत इतकी समज असलेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

आठवा पेटला. गाडी अशी घुमली की शेजारचा कुत्रा घरात गेला. मेव्हणा खुशीत सांगायला लागला, की पुढे क्रायस्लरने रूट्स ताब्यात घेतली, पण त्यांच्या व्ही-८चा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला, तो काही या गाडीत मावेना. म्हणून १९६७ला टायगर बंदच पडली. मी मान चोळत हूं हूं करत होतो.

“दाजी, पंचाहत्तरची शेव्हरले मोन्झा बघून ठेवलीय. व्ही-८च आहे. गाडी आखली होती वँकेल इंजिनासाठी, ते इंजिन आलंच नाही.”

“तिचे प्लग?”

“एकच जरा अवघड आहे. माउंटिंग सोडून इंजिन अर्धा इंच उचलावं लागतं. तुम्ही अजून आठवडाभर आहात ना?”