आजोबांच्या मागची बोट

मोर्शीहून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटर. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण. त्याच्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर, तेव्हा कागदोपत्री आम्हीही सागरकिनारीच राहतो. बाकी संत्री, कापूस आणि मे महिन्यातलं ऊन. अशा गावात बसून मला जुन्या मालवाहू बोटी ओळखण्याचा नाद लागला, आणि त्याला कारण आजोबा.

बैठकीत आजोबांचा एक फोटो आहे. कोट, टोपी, हातात छत्री. मागे मुंबईची गोदी आणि गोदीत एक बोट. आजोबा कापसाच्या कामानं मुंबईला जायचे. ही बोट कुठली, यावर घरात कधी मतभेद नव्हते. ‘थे सोन्याची बोट होय, फुटली होती ना, थे,’ असं आत्या आल्यागेल्याला सांगायची.

फुटलेली बोट म्हणजे ‘फोर्ट स्टिकीन’. 14 एप्रिल 1944, दुपारी चारच्या सुमारास, व्हिक्टोरिया गोदी. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, त्याच्या शेजाराला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, आणि शिवाय सोन्याच्या विटा. (कराचीहून भरलेल्या, हे वऱ्हाडी माणसानं जरा मोठ्यानंच सांगावं.) आधी कापूस धुमसला, मग दोन स्फोट झाले. 66 अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्यासाठी तो दिवस आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. सोन्याची एक वीट उडून मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली. आत्याला या सगळ्या कथेत एवढी एकच गोष्ट खोटी वाटते.

मी भिंग आणलं. बोटीचं नाव फोटोत दिसत नव्हतं, आणि खरी अडचण पुढेच होती. युद्धकाळातल्या या बोटी एकाच साच्यातून काढलेल्या. मूळ आराखडा इंग्लंडातल्या संडरलँडचा. त्यावरून कॅनडानं ‘फोर्ट’ बोटी बांधल्या, आणि अमेरिकेनं त्यात आपले फेरफार करून ‘लिबर्टी’ बांधल्या, त्याही 1941 ते 1945 या काळात 2,710. त्यातली ‘रॉबर्ट ई. पिअरी’ नावाची तर साडेचार दिवसांच्या थोड्या वर वेळात पाण्यात उतरली. आमच्या गल्लीतली नाली त्याहून जास्त दिवस नुसती उकरून ठेवलेली आहे.

आता इतक्या सारख्या बोटींतून एक ओळखायची कशी? तर एसटी ओळखतो तशी. हिंगण्याच्या कार्यशाळेतून निघालेल्या दोन लाल गाड्या परक्या माणसाला एकच वाटतील. रोज अमरावतीला जाणारा मात्र स्टँडवरूनच सांगतो, ही ती, हिच्या चौथ्या खिडकीची काच सरकत नाही.

बोटीची ती खिडकी मला बऱ्याच दिवसांनी सापडली. ‘फोर्ट’ बोटीत कप्तानाचा ब्रिज वेगळा आणि धुराड्याची इमारत वेगळी. दोन्हींच्या मधे माल उतरवायचं एक तोंड, हॅच. अमेरिकनांनी ‘लिबर्टी’त दोन्ही घरं एकत्र केली, मधलं अंगण बुजवलं. म्हणजे धुराड्याच्या पुढे बघायचं: मोकळी जागा असेल तर फोर्ट, नसेल तर लिबर्टी. आजकालच्या बोटींचं बरं असतं. त्यांना सात आकडी क्रमांक असतो आणि मालक, झेंडा, नाव काहीही बदललं तरी तो बदलत नाही. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं 7, 6, 5, 4, 3, 2 नी गुणून बेरीज केली, की बेरजेचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळलाच पाहिजे. अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला नेतानासुद्धा तोच क्रमांक सोबत असतो. आजोबांच्या बोटीच्या काळी ही सोय नव्हती. होतं ते फक्त धुराडं, आणि त्यावर अर्धी सावली आजोबांच्या छत्रीची.

दोन महिने मी ती सावली बघत होतो. शेवटी एका रविवारी खात्री पटली. मधे अंगण नाही. घर एकच. बोट लिबर्टी! मी जेवताना जाहीर केलं, की ही सोन्याची बोट नव्हे.

आत्यानं ताट सरकवलं. ‘तुले काय समजते बापा बोटीतलं? मोर्शीत राहून?’

मी हॅच समजावली, संडरलँड समजावलं, कागदावर दोन्ही बोटी काढून दाखवल्या. माझी लिबर्टी तिला धरणावरच्या पंपहाउससारखी वाटली. मग मोठा करून नीट दाखवावा म्हणून मी फोटो चौकटीतून सोडवला. चार खिळे, मागचा पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली वाळवीनं खाल्लेलं वर्तमानपत्र. आणि फोटोच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात, पेन्सिलीनं: ‘मुंबई, दिवाळी 1947.’

‘फोर्ट स्टिकीन’ फुटून तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती.

आत्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हणाली, ‘मंग हे अगुदर काहून नाही पाह्यलं?’

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण बोट लिबर्टी आहे हे पक्कं, आता कुठली ते शोधायचं. या बोटींना माणसांची नावं दिलेली, त्यामुळे यादी शाळेच्या हजेरीपटासारखी आहे. युद्धात बुडालेल्या वगळल्या तरी दोन हजारांच्या वर उरतात. मी सध्या ‘ए’ या अक्षराच्या निम्म्यात आहे.